कापसावरची उडी

एस.टी.त उभं राहायची वेळ आली की मी वरचा दांडा डाव्या हातानं धरतो. उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. दोरीवर कपडे टाकणं असो, देवळातली घंटा असो, की माळ्यावरचा डबा काढणं असो, सगळं डाव्यानं. मारेगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी दर लग्नात, पंगतीत, कोणी ना कोणी ताटातून मान वर काढून विचारतोच, "काहून बे, तू तं मोठा गोलकीपर होता ना? किती म्याची खेळला?"

एक, हे खरं उत्तर आहे. ते मी देत नाही. "वाढ रे इकडे वांग्याची भाजी," असं वाढप्याला ओरडतो आणि मान खाली घालून जेवतो. कारण एक म्हटलं की समोरचा हसतो, आणि तो हसला की माझं टाळकं फिरतं. भरल्या ताटावरून उठून आलेलो आहे मी, लोकांच्या लग्नातून.

आज सांगून टाकतो. माझं जे झालं ते झालं, त्याचं रडणं रडून झालं. बाबांचं जे झालं ते मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

बाबा वणी रोडवरच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं कापसाचे ढीग लागायचे, दुमजली घराएवढे. आलेल्या गाड्या खाली करायच्या, कापूस ढिगावर चढवायचा, वर चढून पायानं तुडवून दाबायचा, आणि तिकडून यंत्रात ढकलायचा, हे बाबांचं काम. यंत्रातून सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी बाबा घरी आले की भुवया, मिशा, कानातले केस सगळं पांढरं असायचं. माय म्हणायची, "आले पाहा म्हातारे." तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते.

मी शाळेत उंच होतो, म्हणून मास्तरांनी मला गोलात उभं केलं. एवढंच माझं गुणकौशल्य. आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला शेर-शेर चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि मधल्या दिवसांत जमीन अशी टणक की बॉलवर झेप घेतली की कोपर सोललंच म्हणून समजा. मी रोज रक्त घेऊन घरी यायचो. माय हळद लावता लावता बडबडायची, "बंद कर त्याचा थो फुटबॉल. हात मोडून बसन थो एखाद्या दिवशी." बाबा एकदा माझ्या कोपराकडे पाहत बसले, आणि म्हणाले, "बंद कायले करते? मी शिकवतो त्याले पडाले. कापसावर शिकवतो. लागनच नाही त्याले."

आणि त्यांनी शिकवलं. रविवारी दुपारी यंत्र बंद असायचं. शेठजी रविवारी येत नसत, दिवाणजी असायचे, पण ते बाबांना काही म्हणत नसत. काट्याजवळ, म्हणजे जिथं गाड्या वजन करतात तिथं, एक नळ होता. बाबा आधी माझे पाय धुवायला लावायचे, घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून. स्वतःचेही धुवायचे. मग ढिगाच्या पायथ्याशी वाकून चिमूटभर कापूस उचलून कपाळाला लावायचे, मलाही लावायला सांगायचे. "लक्ष्मी हाय थे. तिच्यावर पाय देतो आपन, तं आधी विचारून द्याव." रोज सकाळी कामाला चढतानाही ते हे करायचे. बाकीचे मजूर हसायचे, पण नव्या मोसमाच्या पहिल्या ढिगावर पहिला पाय बाबांनीच ठेवायचा, हा तिथला रिवाजच होऊन गेला होता.

मी ढिगाच्या उतारावर उभा राहायचो आणि बाबा खालून बॉल फेकायचे. उजवीकडे, डावीकडे, डोक्यावरून. फुटबॉल म्हणजे काय ते त्यांना काडीचं ठाऊक नव्हतं. एकच गोष्ट ते ओरडायचे, "आंग टाक! बिनधास्त टाक आंग! लागत नाही!" आणि मी टाकायचो. हात पसरून, छाती मोकळी ठेवून, खांद्यावर जाऊन पडायचो, आणि कापूस मला पोटात घ्यायचा. तोंडात कापूस, नाकात कापूस, चड्डीत कापूस. बाहेर निघालो की बाबा खाली उभे राहून एवढे हसायचे की त्यांना खोकला यायचा. त्यानंतर मी गवताची हिरवीगार मैदानं पाहिली, दिव्यांच्या उजेडातली स्टेडियमं पाहिली. तेवढा आनंद मला कधी झाला नाही. एकदाही नाही.

बाबा तेव्हापासूनच सगळ्यांना सांगत सुटले. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, सोयऱ्यांत. "माह्या पोट्ट्याले मीच शिकवलं. उडी पाहा त्याची एकडाव." ज्या माणसाला आयुष्यात कोणी काही विचारलं नाही, त्याला सांगायला एक गोष्ट मिळाली होती.

यवतमाळला निवड चाचणी झाली, तेव्हा रात्री पाऊस पडून गेला होता. मैदान लोण्यासारखं मऊ. मी त्या दिवशी असा उडालो की निवडणारे साहेब खुर्चीतून उठले. मऊ जमिनीवर माझं पडणं कोणाच्या ध्यानात आलं नाही. लोक उडी पाहतात, पडणं कोण पाहतं? मला पुण्याला नेलं, तिथून पुढं गोव्याच्या एका क्लबात. करार झाला, माझ्या नावाची जर्सी मिळाली. बाबांनी जिनिंगमध्ये पेढे वाटले. दिवाणजींनी दोन घेतले.

गोव्याला गोलकीपरांना शिकवणारा एक म्हातारा होता. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, गुडघ्यातून वाकडा, तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझी उडी पाहिली, शिट्टी वाजवली, सगळ्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "गिरना किसने सिखाया तेरे को?"

मला वाटलं कौतुक करतो आहे. मी छाती फुगवून सांगितलं, बाबांनी, कापसाच्या ढिगावर. बाकीचे पोट्टे हसले. म्हातारा हसला नाही. त्यानं मला खाली बसवलं आणि समजावलं. कडक जमिनीवर गोलकीपर पडतो तेव्हा आधी बॉल जमिनीला लागला पाहिजे, मग मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, मग कूस, मग कंबर. अंग आवळून, क्रमानं. मी पडत होतो तो हात उघडा टाकून, सरळ खांद्याच्या सांध्यावर. कापूस होता तोवर कापसानं सोसलं. जमीन सोसणार नव्हती. "तेरे बदन से वो कपास निकालनी पडेगी," तो म्हणाला, "नहीं तो ये कंधा जाएगा."

निकालनी पडेगी! बोलायला काय जातं? त्यानं आपल्या परीनं जिवाचं रान केलं, हे मी कबूल करतो. गुडघ्यावर बसवून पाडलं, उकिडवं बसवून पाडलं, वाळूत पाडलं, चिखलात पाडलं. सरावात मी अगदी बरोबर पडायचो. पण बॉल एकदम आला, विचार करायला वेळ नसला, की कुठून तरी बाबांची आरोळी उठायची, आंग टाक, आणि मी हात पसरून मोकळा. जित्याची खोड म्हणतात ती ही. म्हातारा डोक्याला हात लावायचा.

खांदा पहिल्यांदा निखळला तो सरावातच. बसवला. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा. पुन्हा बसवला. नंतर नंतर तो निघायची सवय मला झाली, आणि बसवायची क्लबाच्या माणसाला. मी ओरडायचो आणि तो माणूस पायाच्या पंज्यानं माझी काख दाबून हात ओढायचा. घरी काही सांगितलं नाही. बाबांना म्हणायचो, थोडं लचकलं.

आता तिसरा गोलकीपर म्हणजे काय ते सांगतो, कारण हे कोणालाच ठाऊक नसतं. गोलात एकच माणूस उभा राहतो. बाकावर दुसरा बसतो. तिसरा कुठंच नसतो. सरावात बाकीचे दोघे दमले की पुढच्या फळीतल्या पोरांना गोलावर मारायला एक माणूस लागतो, तो तिसरा. मॅचच्या दिवशी तो क्लबाचा शर्ट घालून वर प्रेक्षकांत बसतो आणि टाळ्या वाजवतो. मी दोन क्लब बदलले, गोव्याहून केरळ, केरळहून परत गोवा. सगळीकडे तिसरा. वय वाढत गेलं, नंबर तोच.

बाबांचा फोन दर मॅचच्या संध्याकाळी यायचा.

"खेळला का रे?"

"नाही बाबा."

"बाकड्यावर तं बसवलं असन ना?"

"नाही. वर बसलो होतो."

"वरून चांगलं दिसते ना पन," ते म्हणायचे. "पाहून घ्याव. उद्या कामी येते." आणि मग खोकायला लागायचे, आणि फोन मायकडे जायचा.

गावात ते सांगायचे, "तीन नंबरचा हाय. वरचे दोघं हटले का माह्याच पोराचा नंबर." हे ऐकून मला संताप यायचा, कारण त्यात खोटं काही नव्हतं. हा धंदाच असा आहे की दुसऱ्याचं वाटोळं झाल्याशिवाय तुमचं भलं होत नाही. ते दोघे माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे, माझ्या डब्यातला ठेचा खायचे, माझा खांदा निखळला की माझ्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायचे. आणि मी रोज मनातल्या मनात त्यांचे गुडघे मोडायचो. कुठल्या देवाला तोंड दाखवावं असल्या माणसानं?

बाबांची छाती तोवर खराब झाली होती. रुईचा बारीक कीस वर्षानुवर्षं आत जातो, तो काही बाहेर येत नाही. वणीच्या डॉक्टरनं काम सोडायला सांगितलं. बाबा सोडेनात. माय मला फोनवर रडून सांगायची, आणि मागून बाबांचा आवाज यायचा, "त्याले कायले सांगते? त्याले एक म्याच खेळू दे. थेवढी एक पाह्यतो, मंग काय व्हाचं थे होवो."

एवढंच होतं त्यांचं. एक मॅच पाहायची. मुलानं पैसे पाठवावेत, घर बांधावं, गाडी आणावी, असलं काही त्यांनी कधी मागितलं नाही. एक मॅच. आणि मला ती देता येत नव्हती.

मग ती आली. पहिल्या गोलकीपरला डेंग्यू झाला, म्हणून दुसरा गोलात गेला आणि मी बाकावर. आमच्या लीगच्या मॅच मोबाईलवर दिसायच्या. मी बाबांना सकाळीच कळवलं, की आज बाकड्यावर आहे, दिसलो तर दिसेन. त्यांनी सगळं जिनिंग गोळा केलं. दिवाणजींनी आपला मोबाईल ऑफिसातल्या टीव्हीला जोडून दिला. शेठजींचा मुलगाही येऊन उभा राहिला, असं मागाहून कळलं.

दुसऱ्या अर्ध्यात आमचा गोलकीपर गोलापुढची डी सोडून पुढं धावला आणि समोरून एकट्या येणाऱ्या खेळाडूला त्यानं आडवं केलं. लाल कार्ड. मैदानाबाहेर. कोचनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी आधीच उभा होतो. एक बचावपटू बाहेर काढून मला आत घातलं, आणि ती आमची शेवटची बदली होती. मी मैदानात जाताना वाकून गवताला बोटं लावली आणि कपाळाला लावली. पाय धुतलेले नव्हते, एवढं मनात आलं.

गोलापासून थोड्या अंतरावरून त्यांची फ्री किक. मी माझ्या पोरांची भिंत उभी केली, घसा फोडून ओरडलो, डावीकडे सरका, अजून सरका. त्यांच्या माणसानं बॉल भिंतीवरून उचलला. तो माझ्या उजवीकडे वरच्या कोपऱ्यात निघाला होता, आणि तो तिथं पोचायच्या आधीच मी निघालो होतो. काय सांगू! इतकी वर्षं वर बसून टाळ्या वाजवल्या होत्या त्या सगळ्या वर्षांची उडी अंगात साठली होती. बोटांची टोकं लागली. बॉल दांड्यावरून बाहेर गेला. तो बाहेर जाताना मी हवेतूनच पाहिला.

आणि मग मी पडलो. हात उघडा, छाती मोकळी, सरळ खांद्यावर.

त्या वेळी तो निखळला नुसता नाही. आतून काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. मी गवतात तोंड खुपसून गुरासारखा ओरडलो. मला झोळीत घालून बाहेर काढलं. बदल्या संपलेल्या होत्या, म्हणून आमच्याच एका बचावपटूनं माझे ग्लोव्हज चढवले. त्याच्या डोळ्यांदेखत गोल होत गेले, आणि मी रेषेबाहेर पडून ते मोजायचं नाही असं ठरवत होतो.

संध्याकाळी दवाखान्यात फोन वाजला.

"पाह्यलं रे! पाह्यलं म्या!" बाबा धापा टाकत होते. "अरे बाप्पा, काय आंग टाकलं तू! कापसावर टाकते तसंच टाकलं! मी सगळ्यायले म्हनलं, हे पाहा, हे म्या शिकवलं! शेठजीच्या पोरानं माह्या पाठीवर हात ठेवला."

"हो बाबा," मी म्हणालो. माझा हात छातीला बांधलेला होता.

"लागलं का लय?"

"नाही. लचकलं थोडं."

क्लबानं करार पुढं वाढवला नाही. वाढवतील कशाला? मी बॅग घेऊन मारेगावला आलो. फाट्यावर बाबा उभे होते, आणि उतरलो तर त्यांच्यासोबत जिनिंगचे पाच-सहा जण हार घेऊन. माझ्या गळ्यात हार घालायला मला मान वाकवावी लागली, कारण हात वर करून तो धरता येत नव्हता. कोणाच्या लक्षात आलं नाही. मला त्या दिवशी तिथंच मरण यावं असं वाटलं. लोक टाळ्या वाजवत होते.

नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं. मी एकटा जातो म्हटलं, पण बाबा ऐकतात का? खोकत खोकत आले. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरले, माझा हात हळू फिरवून पाहिला, जुन्या दुखापती विचारल्या. म्हणाले, सांध्याची वाटी काठावरून फुटली आहे, हाड झिजलंय, ऑपरेशन करू, पण खेळ संपला. हे मला ठाऊकच होतं. मग त्यांनी सहज, फोटो पाकिटात घालता घालता विचारलं, "गोलकीपरांचे खांदे पाहिलेत मी, पण इतका खराब नाही. पडायला शिकलात कुठं तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा खुर्चीत पुढं सरकले. "म्या शिकवलं साहेब. जिनिंगमंदी. कापसाच्या ढिगावर."

डॉक्टर चांगला माणूस होता. त्याला गंमत वाटली. तो हसून म्हणाला, "अहो काका, म्हणूनच तर! कापसावर कसंही पडलं तरी चालतं. तीच सवय लागली असणार. जमिनीवर शिकवलं असतं तर हा खांदा अजून दहा वर्षं टिकला असता."

मी बाबांकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहत राहिलो. बाबा म्हणाले, "असं होय," आणि उठले. उठताना त्यांनी डॉक्टरला हात जोडून नमस्कार केला.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. जामला गाडी चहाला थांबली. एरवी बाबा सगळ्यांच्या आधी उतरणारा माणूस. जामची भजी म्हणजे त्यांचा जीव. मी म्हटलं, "चला ना बाबा, चहा घेऊ." ते जागचे हलले नाहीत. मी पण बसून राहिलो. गाडी निघाली, हिंगणघाट गेलं, वडकी गेली. करंजीच्या अलीकडे ते खिडकीबाहेर पाहतच बोलले.

"तुह्या त्या गोव्याच्या मास्तरले माहीत होतं हे?"

"हो."

"तुलेही माहीत होतं?"

मी मांडीवरच्या पिशवीचा बंद ओढत बसलो.

"मंग मले कोनी सांगतलं काहून नाही?"

तुमचा तेवढाच एक आनंद होता म्हणून, असं म्हणायचं? मी म्हटलं, "तसं काही नसतं बाबा, डॉक्टर लोक काहीही बोलतात." बाबा हुं म्हणाले. मारेगावला उतरलो, तेव्हा माझी पिशवी त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतली आणि घरापर्यंत स्वतः आणली, दोनदा थांबून, खोकून.

त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. मला लगेच कळलं नाही. न्हाव्याकडे कोणी म्हणालं, "काका, पोराची उडी पाह्यली होती मोबाईलवर, गज्जब!" तर बाबा आरशात पाहून म्हणाले, "हाव, शाळेतल्या मास्तरानं चांगलं शिकवलं त्याले." मी बाजूच्या बाकावर होतो. त्यांनी आपल्या हातानं स्वतःची एकुलती एक गोष्ट मास्तरांना देऊन टाकली होती.

दिवाळीनंतर जिनिंगचा मुहूर्त आला. पहिली गाडी फुलांनी सजवलेली, काट्याची पूजा, गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-टोपी आणि नारळ, सगळं दरवर्षीसारखं. शेठजी थकले होते, कारभार मुलाकडे आला होता. तो शिकलेला, हौशी पोरगा. त्यानं त्या दिवशी मलाही मुद्दाम बोलावलं आणि सगळ्यांपुढं उभं करून म्हणाला की आपल्या या ढिगावर एक खेळाडू तयार झाला, आपल्या काकांनी तयार केला, आज काकांचाही सत्कार. शेला त्याच्या हातात होता. बाबा नळाशी उभे होते, पाय धुवायला. पहिल्या ढिगावर पहिला पाय त्यांचा.

"या काका. तुम्हीच शिकवलं ना याला?"

बाबांनी मान हलवली. "नाही बाबू. मले काय येते? अडानी मानूस मी. थो त्याचा त्याचा शिकला."

लोक हसले, त्यांना वाटलं म्हातारा लाजतो आहे. मला ते सहन झालं नाही. सांगतो ना, माझं टाळकं फिरतं. ज्या माणसानं रविवारचा आराम सोडून मला उडायला शिकवलं, तो चारचौघांत खाली मान घालून सांगतो आहे की मी काही केलं नाही! मला त्यांना ते परत द्यायचं होतं. सगळ्या गावासमोर द्यायचं होतं. मी पुढं झालो आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "खोटं बोलून राह्यले ते. बाबायनंच शिकवलं मले! माही एक-एक उडी यायनं शिकवली!"

टाळ्या पडल्या. दिवाणजींनी शिट्टी वाजवली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्या तोंडावर थांबली नाही. ती खांद्यावर गेली, अंगाशी आखडून धरलेल्या हातावर गेली, आणि मग खाली. आपल्याविरुद्ध तक्रार झाल्यावर माणूस पाहतो तसं पाहिलं त्यांनी. तेव्हा मला कळलं की मी काय बोललो आहे, आणि त्यांना काय ऐकू आलं आहे.

नळ चालू होता. एक पाय धुऊन झाला होता. बाबांनी नळ बंद केला, ओल्या पायात चप्पल घातली आणि फाटकाकडे चालू लागले. शेठजींचा मुलगा शेला घेऊन तसाच उभा. कोणीतरी म्हणालं, छातीचा त्रास होत असेल, जाऊ द्या. ढिगावर पहिला पाय मग दुसऱ्याच एका मजुरानं ठेवला. त्यानं पाय धुतले की नाही, मी पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी आम्ही जेवायला बसलो. मी दुपारपासून शब्द जुळवत होतो. म्हटलं, "बाबा, मी तशा अर्थानं नव्हतो म्हणत. मी चांगल्या मनानं बोललो."

"बरोबर बोलला तू," बाबा म्हणाले. "लोकायले खरं माहीत पाह्यजे." त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. "जेव."

माय आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. मी जेवलो. अजून काय करणार होतो?

दुसऱ्या दिवसापासून बाबा जिनिंगमध्ये गेले नाहीत. अंगणात खाटेवर बसतात, रस्त्याकडे पाठ करून. जिनिंगच्या गाड्या घरापुढून गेल्या, मागं कापसाचे पुंजके उडत राहिले, तरी मान वळवत नाहीत. लोक विचारतात, काकांनी काम काहून सोडलं? मी सांगतो, छातीमुळं.